भामाच्या हातची

आमच्या गावात गाय व्यायला झाली की लोक डॉक्टरला फोन नंतर करायचे, आधी भामाकाकीला हाक मारायचे. काकी तोंडातली मिश्री थुंकून, पदर खोचून निघायची आणि वाटेत भेटेल त्याला सांगत जायची, "कमळाकरची गाय कळा देतेय, येताव का बघायला?" खोबरेल तेलाची बाटली ती आपल्या घरचीच न्यायची. कोपरापर्यंत तेल लावायचं, गाईच्या मालकाला दोन शिव्या द्यायच्या, गाईला दोन गोड शब्द, आणि अडलेलं वासरू अलगद बाहेर. सुकापूरपासून आमच्या गावापर्यंत जेवढी म्हणून गुरं उरली होती, त्यातली निम्मी तरी तिच्या हातात पडलेली. म्हणून लोक म्हणायचे, भामाच्या हातची गाय. म्हणजे दुधाला चांगली, स्वभावाला गरीब, अंगात आजार नाही. विकताना एवढं सांगितलं की घेणारा गाईचे दात बघायचासुद्धा थांबायचा.

मी गुरुदत्त. काकीच्या घराला लागून माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गावाभोवती फ्लॅटचे टॉवर उभे राहिले तसे नळ, एल्बो, बिजागऱ्या विकून मी बरा चाललो, हे कबूल करतो. आमची गुरं वडिलांच्या काळातच गेली. दूध मात्र काकीकडचंच. तिचा मुलगा कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहतो. "आई, ये माझ्याकडे" असं तो दर सणाला म्हणायचा आणि काकी दर सणाला विचारायची, "कितव्या मजल्यावर गोठा हाय तुज्या?" त्यावर तो हसायचा आणि दुधाची किटली घेऊन परत जायचा.

काकीचा शब्द गावात चालायचा तो असा. सरपंचाचा चालला नाही तरी तिचा चालायचा. आणि जे झालं ते त्या चालण्यामुळेच झालं, असं मला वाटतं. वाईट माणसामुळे नुकसान झालं तर निदान रागावता तरी येतं.

तालुक्याला डॉक्टर कादंबरी म्हणून नवीन गुरांच्या डॉक्टर आल्या होत्या. तरुण, बारीक, मोटारसायकलवरून फिरणाऱ्या. गाईंना ब्रुसेला नावाच्या जंतूचा एक आजार होतो, त्यात गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, असं त्या घरोघर सांगत फिरत होत्या. त्यावर औषध नाही. लस मात्र आहे, तीही फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. वय उलटलं की उपयोग नाही. डॉक्टरबाईंनी विचार केला, वसुबारसेला सगळ्यांची गुरं घरी असतात, धुतलेली असतात, बायकाही गोठ्यात असतात, तर त्याच दिवशी लस द्यावी. विचार चांगलाच होता. फक्त वसुबारस काय असते ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बाई बर्फाचा डबा आणि हातमोजे घेऊन आल्या तेव्हा काकी शांतीच्या कपाळाला हळद लावत होती. शांती म्हणजे तिची गाय, तांबूस, कान लांब. शेजारी शांतीची कालवड रमा, सहा महिन्यांची, गळ्यात झेंडूची माळ. बाईंनी सुई काढली आणि काकी मध्ये उभी राहिली.

"आजच्या दिवशी वासराला सुई?"

"मावशी, एकदाच टोचायचंय. दोन मिनिटं."

"वरीसभर टोचा. आज वासराची पूजा हाय. आज आमी दूधसुदा पीत नाय, वासराच्या वाटचं म्हणून. आन तुमी त्याच्या मानेत सुई घालताव?"

बाईंनी समजावलं, रमाचं वय सांगितलं, नंतर उशीर होईल म्हणाल्या. काकी रागावली नाही. बाईंना तिनं बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊ घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि परत पाठवलं. काकीनं नाही म्हटलं म्हणताना बाकीच्या घरांनीही दारं लावून घेतली. बाई पुन्हा आल्या त्या होळीच्या सुमाराला. गावातल्या इतर बारक्या कालवडींना त्यांनी टोचलं. रमाचं वय उलटून गेलं होतं.

"राहिली तर राहिली," काकी मला म्हणाली. "भामाच्या हातची हाय ती."

होळीच्या आधीच, थंडीत, कमळाकरनं एक जर्सी गाय बाजारातून आणली होती. कमळाकर म्हणजे आमचा भाऊबंद, गावातला सर्वांत मोठा गोठा त्याचा. जमिनीच्या पैशांतून त्यानं एक मोठी गाडी आणि ही जर्सी असं दोन्ही घेतलं, आणि दोन्हींचं कौतुक सारखंच करायचा. जर्सी काळी, कपाळावर पांढरा चांद, आणि गाभण. दिवस भरायच्या आधीच ती व्याली. काकीच गेली होती. वासरू अशक्त निघालं, दुसऱ्या दिवशी मेलं. वार पडेना, ती काकीनं हातानं सोडवली. वार म्हणजे वासराबरोबर गाईच्या पोटातून येतो तो जार. हातमोजे वगैरे काकीला माहीत नव्हते, आणि असते तरी तिनं घातले नसते. "मोज्यानं गाईला कळंल काय कुणाचा हात हाय तो?" असं ती नंतर एकदा डॉक्टरबाईंना म्हणाली होती.

आता त्या वारेचं काय करायचं, याची आमच्याकडे रीत आहे. पेंढ्यात गुंडाळायची, गोणपाटात बांधायची आणि गावच्या वडाला टांगायची. का, तर वडाला चीक असतो. पान तोडलं की पांढरा चीक गळतो. गाईलाही व्याल्यावर पहिल्यांदा येतो तो चीकच, ज्याचा आपण खरवस करतो. नाव एक म्हणजे नातं एक. चिकाच्या झाडाला वार बांधली की गाईचं दूध वाढतं, आटत नाही. माझ्या आजीनं हे केलं, आईनं केलं, मीही लहानपणी फांदीवर चढून बांधलंय. मराठीत चिकाला दोन शब्द असते तर आमच्या गावातली गुरं वाचली असती असं मला कधी कधी वाटतं. हसू येतं, आणि मग येत नाही.

तर जर्सीची वार काकीनं वडाला बांधली. पूर्वी गुरं चरायला रानात जायची, वडाखाली कोण थांबायचं? आता रान राहिलं नव्हतं. इकडे पत्र्याचं कुंपण, तिकडे सॅम्पल फ्लॅटची कमान. गावात सावली म्हणून उरली ती एवढ्या एका वडाचीच. गावातलं यच्चयावत जनावर दुपारी तिथंच उभं राहायचं, खाली पडलेला पेंढा चघळत. वरून बोचकं गळायचं. कधी कावळे फाडायचे, कधी कुत्री तुकडा ओढत गोठ्यागोठ्यांतून फिरवायची. कोणाच्या मनात काही आलं नाही.

पावसाळ्यात पहिली गाय गाभडली. मग दुसरी. लोक म्हणाले, टॉवरच्या बाल्कनीतून बघतात ना माणसं, नजर लागते. गोठ्यांवर लिंबू-मिरच्या चढल्या. प्रत्येक गाभडलेल्या गाईपाशी काकी होतीच. आपल्या हातांनी मेलेलं वासरू काढायची, वार सोडवायची, घरी येऊन राखेनं हात धुवायची आणि जेवायला बसायची. वार वडाला. गणपती गेले आणि शांती गाभडली.

त्या दिवशी काकी पहिल्यांदा डॉक्टरला बोलवा म्हणाली. मीच फोन लावला.

डॉक्टरबाईंनी सगळ्या गोठ्यांतल्या गुरांचं रक्त घेतलं. बाहेर येऊन त्यांनी वडाकडे पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "हे काय टांगलंय?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले.

"या आजाराचे सगळ्यांत जास्त जंतू वारेत असतात," त्या काकीला म्हणाल्या. "खोल खड्ड्यात चुना घालून पुरायची असते ती. तुम्ही सगळ्या गावाच्या डोक्यावर टांगलीत."

"वडाला चीक हाय, बाई. म्हणून बांधतो आमी."

"झाडाचा चीक वेगळा, मावशी. गाईचा वेगळा. त्यांचा काही संबंध नाही."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं वय झालं पासष्टच्या पुढे, आणि आयुष्यभर ज्या दोन गोष्टींना ती एक समजत आली होती, त्या वेगळ्या आहेत असं कालची पोर दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली होती. मला काकीची दया आली. बाईंचंही चुकलं नव्हतं. अशा वेळी कोणाच्या बाजूनं बोलावं ते कळत नाही, म्हणून मी चहा मागवला.

अहवाल आले. शांतीला आजार होता. कमळाकरच्या जर्सीला होता, त्याच्या बाकीच्या गाईंना होता, गावात सगळ्यांकडे होता. रमाला नव्हता. बाईंनी खात्री व्हावी म्हणून तिचं रक्त पुन्हा घेतलं, पुन्हा नाहीच आला. सबंध गावात वयात आलेलं आणि निरोगी असं ते एकच जनावर निघालं. ही कशी सुटली ते देवाला ठाऊक, असं बाई म्हणाल्या, आणि डॉक्टरनं देवाचं नाव घेतलेलं ऐकून काकी जरा हसली.

आणि मग बाईंनी काकीकडेच मोर्चा वळवला. "तुमचा ताप कधीपासून आहे?"

काकीला दोन-तीन महिने ताप येत होता हे गावाला माहीत होतं. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं लुगडं भिजायचं, सकाळी ती पुन्हा शेण काढायला उभी. कामोठ्याच्या एका दवाखान्यात आधी मलेरिया म्हणाले, मग टायफॉइड, मग वय झालं म्हणाले. गुडघे, मनगटं, बोटांची पेरं सुजलेली. बाईंनी हट्टानं रक्त तपासायला लावलं. गाईचा आजार काकीलाही झाला होता. माणसाला निदान औषध असतं. दीड महिना गोळ्या चालल्या, लघवी लाल व्हायची म्हणून ती घाबरायची. ताप गेला. बोटं मात्र सरळ झाली नाहीत. ज्या हातांवर सगळा पट्टा विसंबून होता ते हात वाकडेच राहिले.

औषध चालू असतानाच तिनं बांबूला कोयता बांधला आणि वडावरची बोचकी एकेक करून उतरवली. मदतीला कोणी आलं नाही. मी दुकानातून चुन्याच्या गोण्या आणि फावडं दिलं, आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे हातमोजे घालून खड्डा खणायलाही उतरलो. कमळाकर पारावर बसून बघत होता.

"काकी, सगल्या गावाचं दूध उतरवतेस खाली," तो म्हणाला.

"आजार उतरवतेय रं."

"इतकी वर्सं तूच बांधलंस. तवा नाय आजार झाला?"

काकीनं पुढचं बोचकं खाली ओढलं. तिनं बांधा म्हटलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं. ती उतरवते म्हणाली तेव्हा मात्र गावानं तिला म्हातारपणी भ्रमिष्ट झाली असं ठरवलं. काही गाईंचं दूध त्याच सुमाराला कमी झालं. ते आजारानं झालं, पण बोल काकीला लागला.

बाईंनी आजारी गाईंच्या मालकांना बजावून सांगितलं होतं. ही गाय बरी होणार नाही. पुढच्या वेळी दिवस भरून व्यायलीसुद्धा, तरी तिच्या वारेत, दुधात आजार असणारच. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि विकू नका, कारण ज्याच्या दावणीला जाईल त्याची दावण बुडेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. विकायची नाही, बरी होणार नाही, मारता येत नाही. मग काय, मरेपर्यंत वैरण घालत बसायचं? असं कमळाकर माझ्या दुकानात येऊन म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दिवाळीनंतर एक व्यापारी टेम्पो घेऊन गावात येऊ लागला. कोणाचा गोठा सकाळी भरलेला असायचा, संध्याकाळी रिकामा. विचारलं तर म्हणायचे, पावण्यांकडे पाठवली. जर्सी पुन्हा गाभण होती, तीही गेली.

काकीनं शांतीला विकली नाही. व्यापारी तिच्या दाराशी दोनदा आला. दुसऱ्यांदा तिनं त्याला शेणाच्या पाटीसकट रस्त्यापर्यंत पोचवलं. "माज्या शांतीनं दुसऱ्याची दावण बुडवायची? नाय," एवढंच ती म्हणाली. तिचं दूध कोणी घेत नव्हतं. ती ते उकळून आपण प्यायची, उरलेलं मी न्यायचो.

तिचा सगळा जीव आता रमावर होता. आजीपासून चालत आलेली ती गाईची वेल, शांती तर गेल्यातच जमा, उरली ही एक. ही वाचली की सगळं वाचलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, शांतीचं सगळं तुम्ही करता, तेव्हा रमाला हात लावायचा नाही. तिचा चारापाणी दुसऱ्यानं करायचा, तिची घमेली वेगळी, आणि लवकरात लवकर तिला गावाबाहेर काढायचं, जिथं एकही आजारी जनावर नाही अशा ठिकाणी.

तेव्हापासून रमाला पेंढा घालायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिला बांधली. काकी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून सूचना द्यायची. "पाणी वतलंस काय? ती गार पाणी पीत नाय. कानामागं बघ गोचीड हाय काय. आरं, तिथं नाय, डाव्या कानामागं." रमा तिचा आवाज ऐकून दावं ताणायची, हंबरायची. काकी हात पदराखाली घेऊन उभी राहायची. एकदा मी म्हणालो, साबणानं हात धुऊन ये की जरा. ती म्हणाली, "नको. माज्या हाताचा मना भरवसा नाय आता." त्या हातांवर तिचा भरवसा नसेल तर कोणाचा असणार होता?

तिची बहीण चांगुणा उरणकडे, द्रोणागिरीजवळच्या एका जुन्या गावात राहते. तिकडे गोदामं आणि कंटेनर झाले, तरी चांगुणाच्या घरामागं छोटा गोठा शिल्लक होता, आणि तो रिकामाच होता. काकीला ते देवानं ठेवल्यासारखं वाटलं. मी टेम्पो ठरवला, रमाला चढवली आणि आम्ही दोघं तिला पोचवायला गेलो. मी मागं रमाला उतरवत होतो तेव्हा दोघी बहिणी ओटीवर बोलत होत्या.

परत येताना मी विचारलं, "सगळं सांगितलंस ना?"

"सांगितलं. बाहेरचं जनावर गोठ्यात घेऊ नको बोलले. शप्पत घातली."

"आणि गावातल्या आजाराचं?"

काकी खिडकीबाहेर बघत राहिली. समोरून ट्रेलरची रांग येत होती.

"आजार बोलले असते तर तिनं रमाला उतरू दिली असती? बिल्डरनं जागा घेतली, बांधायला ठिकाण नाय, असं बोलले," ती म्हणाली. "रमाला काय झालंय? ती चांगली हाय. मंग कशाला उगाच नाव खराब करायचं?"

नाव रमाचं की गावाचं की तिचं स्वतःचं, ते मी विचारलं नाही. खरं तर मला ते तेव्हा पटलंसुद्धा. चांगुणानं नाही म्हटलं असतं तर दुसरीकडे कुठं नेणार होतो?

महिने गेले. चांगुणाचा फोन यायचा. रमा खाते, रमा अंगानं भरली, रमाला डॉक्टरनं रेतन करून भरवली, रमा गाभण राहिली. काकी तो फोन स्पीकरवर लावून अर्ध्या गावाला ऐकवायची. शेजारणींतलं आता कोणी तिच्याशी धड बोलत नव्हतं, तरी ऐकवायची. तिनं दिवस मोजायला सुरुवात केली. पहिल्या वेताला आपण तिथं जाऊन राहायचं, वासराला हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं, डॉक्टरबाईंना त्या दिवशी बोलवायचं, वार पुरायला चुना आपण न्यायचा. कालवड झाली तर सहाव्या महिन्याला लस, मग ती वसुबारस असो की दुसरं काही. बोलताना तिचे वाकडे हात हवेत चालायचे.

होळीच्या आधी एक दिवस ती म्हणाली, "चल, लांबून बघून येऊ." स्वच्छ आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून ती माझ्या गाडीत बसली. चांगुणानं आम्हाला दारातच धरलं.

"आधी गोठ्यात चल. तुला दाखवायचं हाय. फोनवर मुद्दाम नाय बोलले."

आम्ही मागं गेलो. गोठ्यात दोन गाई एकाच गव्हाणीत तोंड घालून खात होत्या. एक रमा, तांबूस, आईसारखे लांब कान, पोट सुटलेलं. दुसरी काळी. तिनं मान वर केली तेव्हा मला कपाळावरचा पांढरा चांद दिसला. कान कोपऱ्यात फाटलेला, कानातला सरकारी नंबराचा बिल्ला कोणीतरी कापून काढलेला.

चांगुणा कौतुकानं सांगत होती. "रमाच्या दुधाला अजून येळ, म्हणून दुसरी बघत होते. तू बोललीस ना, बाहेरचं जनावर घेऊ नको. मी बाहेरचं नाय घेतलं. व्यापारी बोलला, तुमच्याच बहिणीच्या गावची हाय, भामाच्या हातची हाय. तुजं नाव घेतलं, मंग मी काय इचारू? डोळे झाकून घेतली."

मी बोलायला गेलो तर काकीनं माझा हात धरला.

"व्याली काय ही?" तिनं विचारलं.

"गेल्या पंधरवड्यात. वासरू काय जगलं नाय, जराशानं गेलं. दिवस कमी पडले. पन दूध देते."

"तवा रमा कुठं होती?"

"इथंच की. लय माया हाय बघ तिला. दावं तोडलंन आन गेली त्याला चाटायला. डोक्यापासनं शेपटीपर्यंत सगलं चाटून काढलंन. वार पडली तीसुदा हुंगत होती, मीच वढून घेतली." चांगुणा हसली. "मंग मी जवलजवलच बांधली दोघींना. बहिनी वाटतात."

जर्सीनं काकीला ओळखलं होतं. ती मान लांब करून काकीचा पदर चाटायला बघत होती. काकीनं तिच्या कपाळावरून हात फिरवला. त्या गाईचा काय दोष होता? मग काकी तशीच उभी राहिली. रमा आता हंबरत होती, दावं ताणून आमच्याकडे यायला बघत होती, जशी माझ्या शेडमध्ये बघायची. रमाला चौथा महिना चालू होता. सातवा यायला वेळ होता. तोवर ती अशीच खाणार, अशीच भरणार, आणि बघणाऱ्याला वाटणार की सगळं ठीक आहे.

मला कमळाकरचा राग आला, व्यापाऱ्याचा आला, आणि त्या हसऱ्या चांगुणाचाही आला, जिनं सांगितलं तसंच केलं होतं. काकीचा मात्र करता येईना. मी गव्हाणीच्या कडेला टेकलो.

काकी माझ्याकडे वळली. हळू आवाजात, चांगुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं, "गुरू, आता हात लावला तर चालंल ना रं?"

मी म्हणालो, "चालेल, काकी."

ती रमाकडे गेली. वाकड्या बोटांनी तिनं तिच्या गळ्याखाली खाजवलं, डावा कान उचलून त्याच्या मागं बघितलं, मग कपाळ तिच्या मानेला टेकवलं. रमा तिचं मनगट चाटत राहिली. काकी रडत होती, पण पाठमोरी होती म्हणून चांगुणाला ते दिसलं नाही.

"एवढी माया हाय," चांगुणा म्हणाली, "मंग आणून सोडलीस तवा एकदासुदा हात का नाय लावलास तिला?"